बाबांनी धान पाहिला

माझे बाबा डोळे मिटून तांदूळ ओळखायचे. गोंदियाच्या बाजारात आमचं धान्याचं दुकान होतं. दारात पोती रचलेली आणि खांबाला परखी टांगलेली. परखी म्हणजे टोकाला निमुळती होत गेलेली लोखंडी पन्हळ. ती पोत्यात खुपसली की आतले मूठभर दाणे बाहेर यायचे. बाबा ते तळहातावर पसरायचे, हलकी फुंकर मारायचे आणि एक दाणा दाढेखाली धरून फोडायचे. कट् असा कोरडा आवाज आला की मान डोलवायचे. आवाज बोदा आला की समोरच्या शेतकऱ्याला म्हणायचे, "भैया, अभी गीला है. दो दिन और धूप दिखाओ."

शाळेतून आले की मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसायची. बाराव्या वर्षी मला लुचई आणि चिन्नोर हे तांदूळ नुसत्या वासावरून सांगता यायचे. पाहुणे आले की बाबा माझ्यासमोर दोन मुठी धरायचे आणि मी बरोबर सांगितलं की त्यांचा चेहरा फुलायचा.

आम्ही पोवार. आपले पूर्वज माळव्यातून आले आणि इथलं पाणी, इथली काळी माती पाहून थांबले, असं घरातलं प्रत्येक म्हातारं माणूस सांगायचं. पण माझ्या आजोबांनी गावातलं शेत विकून शहरात दुकान टाकलं. बाबांचा जन्म त्यानंतरचा. त्यांच्या हाताखालून एवढा धान गेला, पण ते कधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरले नव्हते. रेल्वेच्या खिडकीतून हिरवे चौकोन दिसायचे, तो धान आहे हे आम्हाला माहीत होतं. जवळ जाऊन पाहावं असं कुणाला वाटलं नाही, आणि यात काही चुकतंय असंही नाही.

नव्याण्णव साली माझं लग्न झालं ते केशोरीजवळच्या एका खेड्यात. अर्जुनीपर्यंत रेल्वे, पुढे बस, आणि फाट्यापासून पायी. नवरा गावच्या शाळेत मास्तर. सासरे आधीच वारलेले. घरची शेती सासूबाई एकट्या पाहायच्या. बुटक्या, काटक, नऊवारीचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला. बोलणं तोडून. माझ्याशी पहिले दोन महिने त्या फक्त कामापुरतं बोलल्या. तिकडे बायाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात, त्याचीसुद्धा मला सवय व्हायला वेळ लागला.

जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली. चांगली सून दिसावी म्हणून मी न सांगता शेतावर गेले. पायात सँडल, हातात पाण्याचा पितळी गुंड. एका कोपऱ्यात दाट, वीतभर हिरवं काहीतरी उगवलं होतं आणि चार बाया वाकून ते मुळासकट उपटत होत्या. मी म्हटलं, "एवढं गवत कसं काय वाढू दिलं?"

बाया आधी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग त्यातली एक चिखलात बसूनच हसायला लागली. ते गवत नव्हतं, धानाचे पऱ्हे होते. तीच रोपं उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत पुन्हा लावायची असतात. दुकानात जिची पारख मिरवली जायची, त्या मला धान ओळखता आला नव्हता.

सासूबाई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तू घरी राय. सिदोरी आनून देजो. सहरातली तू, तुले नाई जमत."

मला ते फार लागलं. आठ दिवस मी भाकरी आणि कांदा घेऊन धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधीच्या बांधापर्यंत जायची, डबा ठेवायची आणि परत फिरायची. नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आईला मी आवडत नाही." तो म्हणाला, "तिले कोनीच लवकर आवडत नाई. मी बी नाई आवडत." आणि शाळेला गेला.

नवव्या दिवशी रोवणाऱ्या बायांपैकी एकीला ताप आला. आभाळ भरलेलं, जुड्या उपटून ठेवलेल्या. उपटलेलं रोप फार वेळ ठेवता येत नाही. मी डबा ठेवून वळणार, तेवढ्यात सासूबाई न वळताच म्हणाल्या, "सँडल काढ. उतर."

पहिलं पाऊल टाकलं तशी मी किंचाळले. चिखल वरून गरम होता आणि खाली थंडगार. पाय पोटरीपर्यंत गेला. बोटांमधून काहीतरी सळसळत गेलं.

"काऊन वरडतेस? बेंडूक हाय तो," सासूबाई म्हणाल्या. "तो तुले भेवून पळून राहिला."

त्यांनी माझ्या डाव्या हातात जुडी दिली. दोन-तीन काड्या वेगळ्या करायच्या, मुळाशी अंगठा धरायचा, चिखलात दाबायच्या आणि अंगठा असा काढायचा की माती आपोआप मिटेल. मग मागे सरकायचं. सगळं काम मागे चालत करायचं असतं, त्यामुळे लावलेलं समोर दिसत राहतं आणि राहिलेलं पाठीमागे असतं. संध्याकाळी माझी कंबर सरळ होईना. पण माझी एक ओळ उभी होती, वाकडीतिकडी, आणि मी त्या रात्री खूश होऊन झोपले.

सकाळी जाऊन पाहिलं तर माझी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. मी वरवर टोचली होती. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी एक तरंगणारी काडी उचलली, माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी वाकल्या.

"माये बी तरंगले होते," त्या म्हणाल्या. "माही सासू तं मले दोन दिवस बोलली नाई. दाब आता. मातीले भेवू नोको, तिले काई दुखत नाई."

आम्ही दोघींनी मिळून ती ओळ पुन्हा लावली. त्यानंतर मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिथे जायची. चार-पाच दिवस रोपं पिवळी, मेल्यासारखी. मग एका सकाळी त्यांच्या शेंड्याला वेगळाच हिरवा रंग आला. सासूबाई म्हणाल्या, "धरलं." ती रोपं धरली म्हणून मला जो आनंद झाला, तो मला कुणाला सांगताही येईना.

पुढची वर्षं मी शिकत राहिले. कोणत्या पावसानंतर वारुळाजवळ सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, उगवतात, आणि त्या कळ्या असतानाच का काढायच्या. धान कापायच्या आधी ओल असतानाच त्याच बांधीत लाखोरीच्या डाळीचं बी कसं फेकायचं, म्हणजे वेगळी नांगरट न करता दुसरं पीक येतं. चैत्रात मोह वेचायला पहाटे का जायचं. यातलं काहीच मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. सासूबाई पुढे चालायच्या, मी मागे. विचारलं तर उत्तर मिळायचं, नाही विचारलं तर नाही. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी दिवसभरात आभाळाकडे दहा वेळा पाहते. गोंदियाला असताना पाऊस आला हे मला छत्रीवाल्यांच्या गर्दीवरून कळायचं.

दोन हजारच्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले, तेव्हा आमच्या चिन्नोरची छोटी पिशवी नेली. बाबांनी सवयीनं दाणे हातावर घेतले, फुंकर मारली, एक फोडला.

"बढिया है. कुठला आहे?"

"मी लावलेला."

बाबा थांबले. "तू? हातानं?"

"हातानं."

त्यांनी मूठ मिटली आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू केले. एका काडीला किती दाणे येतात? दाणा आधी बनतो की टरफल? फूल येतं का त्याला? मी सांगत होते, ते ऐकत होते, आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हे सगळं बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना धानाचं सगळं माहीत होतं, पण पोत्यात शिरल्यानंतरचं.

"या ना एकदा पाहायला," मी म्हटलं.

"येतो. आता सीझन आहे, नंतर."

दुकानदाराचा सीझन आणि धानाचा सीझन एकच. म्हणून 'नंतर' म्हणता म्हणता आठ-नऊ वर्षं गेली. मला मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली. बाबांचे गुडघे धरले. भावानं दुकान हाती घेतलं आणि बाबा गोंदियालगतच्या फुलचूरच्या नव्या घरात बसून राहू लागले. सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला जाऊन यायचे, बाकी दिवस टीव्ही. भावाचा फोन आला, "बाबा चिडचिड करतात. तुझ्याकडे ने थोडे दिवस." मी म्हटलं, आत्ताच पाठव. ऑक्टोबर लागला होता.

बाबा दोन दिवसांचे कपडे घेऊन आले. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेऊन त्यांना पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"इवाई, पन्नास वर्स धान इकला म्हन्ते तुमी."

"हो, इहीणबाई. पन्नास झालेच."

"अना बांधीत कदी उतरले नाई?"

"नाही."

"बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी चला."

बाबांना असं तोंडावर कुणी बोलत नसे. पण बाबा हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिघं निघालो. बाबांच्या हातात काठी, मी त्यांचा दंड धरलेला, सासूबाई पुढे. आमची बांधी बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या खाली आहे. धुऱ्यावर पोचल्यावर बाबांनी बूट काढले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, काटे असतात." ते म्हणाले, "असू दे."

खालच्या बांधीत चिन्नोर फुलावर आला होता. धानाचं फूल फार लहान असतं. सकाळी थोडा वेळ टरफल उघडतं, आतून पांढरे धागे बाहेर लोंबतात, मग ते पुन्हा मिटतं. तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होतं. आम्ही पोचलो ती वेळ नेमकी तीच. वारा नव्हता. सगळ्या लोंब्यांवर ती पांढरी कुसर, आणि वर चिन्नोरचा वास. तुपाच्या भातासारखा वास, पण ओला, जिवंत.

बाबांनी डोळे मिटले. मला दुकानातले बाबा आठवले, पण आता ते काही ओळखायचा प्रयत्न करत नव्हते. नुसते उभे होते.

जरा वेळानं त्यांनी पाय आत टाकायला उचलला, तर सासूबाई म्हणाल्या, "नाई, नाई. फुलावर आला का बांधीत सिरू नाई. हालला का फोल रायते."

बाबांनी पाय मागे घेतला. "फोल म्हणजे पोचट दाणा? पोत्यात वर उडतो तो?"

"तोच. त्याचा जन्म अठी होते."

वरच्या बांधीत हलका धान होता, लवकर येणारा. त्यात दाणा भरत होता. सासूबाईंनी एक लोंबी वाकवली, त्यातला एक हिरवा दाणा बाबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाबा." बाबांनी अंगठ्यानं दाबला. पांढरं दूध बाहेर आलं. बाबा त्या थेंबाकडे पाहत राहिले. मग दुसरा दाणा घेऊन त्यांनी सवयीनं दाढेखाली धरला. कट् झालंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला तो पाहून सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"गोड आहे," बाबा म्हणाले. "हे मला माहीतच नव्हतं. गोड असतो."

मग आम्ही मोहाच्या सावलीत बसलो आणि त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं, त्यात मला जागाच राहिली नाही. बाबा विचारायचे, दाण्याच्या पोटात पांढरा डाग पडतो तो कशानं? सासूबाई सांगायच्या, दूध भरताना पाणी तुटलं, ऊन तापलं, की दाणा आतून भरत नाही. तुकडा का पडतो? कापायचा धान उभाच राहिला, सकाळी दंव आणि दुपारी ऊन, की दाण्याला आतून भेग जाते, मग मिलमध्ये तो तुटतो.

"मग वेळेवर का नाही कापत?" बाबांनी विचारलं.

"कापाले मानसं भेटले पायजे ना! साऱ्याईचा धान एकाच वक्ती पिकते. कदी पानी येते, बांधीत ढोपरभर चिखल रायते. कसा कापन?"

बोडीत दोन बगळे उभे होते, त्यांच्याकडे पाहत बाबा म्हणाले, "तुकडा असला की मी लोकांना बोलायचो. आळशी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, इहीणबाई."

सासूबाईंनी त्यांचं सांत्वन केलं नाही. "म्हनत असान," त्या म्हणाल्या. "मले बी म्हनले एका दुकानदारानं. तुमी नोयते, दुसरा होता." मग डब्यातली भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "खा. ठेचा तिखट हाय."

दोन दिवसांसाठी आलेले बाबा नऊ दिवस राहिले. रोज सकाळी काठी टेकत शेतावर. मी सोबत नसले तर नातीला घेऊन. ते बांधीत उतरले नाहीत, गुडघे वाकतच नव्हते. पण धुऱ्यावर खाट टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून काहीबाही विचारायचे. गावातली माणसं आधी बिचकली, मग सरावली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी त्यांची गट्टी जमली. दोघं मिळून तंबाखू मळायचे आणि तासन्‌तास आभाळाबद्दल बोलायचे. गोंदियात ज्यांची चिडचिड होत होती ते हेच का, असं मला वाटायचं. त्यांना तिथे कोणतं औषध मिळालं मला सांगता येणार नाही. सकाळी उठल्यावर बाहेर जाऊन पाहण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते कालच्यापेक्षा थोडं बदललेलं असायचं, एवढंच मला दिसलं.

त्यानंतर बाबा दर ऑक्टोबरात आले, चार वर्षं. पाचव्या वर्षी उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. भाऊ सांगतो, शेवटच्या वर्षांत अधूनमधून दुकानात येऊन बसले की तुकडा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते आधी विचारायचे, "पाऊस लागला का कापणीला?" आणि स्टूल पुढे सरकवायचे.

पुढे मुलीच्या शिक्षणासाठी आम्हीही फुलचूरला राहायला आलो. नवऱ्याची बदली गोंदियाजवळ झाली. घर छोटं, पक्कं, चारी बाजूंनी सिमेंट. शेजारणी चांगल्या आहेत. त्यांना मी जुलैत पंधरा दिवस घर सोडून गावी जाते याचं नवल वाटतं. "अब भी कीचड में उतरती हो? मजदूर नहीं मिलते क्या?" मी म्हणते, मिळतात, पण मला जायचंच असतं. शेतीवर आमचं पोट आता पूर्ण चालत नाही, नवऱ्याचा पगार आहे, हे खरं आहे. तरी मी का जाते, याचं उत्तर द्यायला मला बाबांना त्या धुऱ्यावर उभं करावं लागतं. आपण रोज जे खातो त्याचा अर्धाच जन्म आपल्याला माहीत असावा आणि त्यावर आपण लोकांना बोलत राहावं, हे बरं नाही. बाबा फार भले गृहस्थ होते, तरी त्यांच्याकडून ते झालं. मातीपासून लांब गेलेल्या माणसाच्या हातून असा अन्याय नकळत होतो. आणि जवळ राहिलं की दुसरं काही नाही तरी मन शांत राहतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

सासूबाई गावीच राहतात. शहरात यायचं नाव काढलं की म्हणतात, "तठी मी कायले येऊ? पाय ठेवाले माती तं नाई." आता त्यांची पाठ वाकली आहे, रोवणीत उतरत नाहीत. छत्री घेऊन धुऱ्यावर बसतात आणि तिथून कुणाची ओळ वाकडी चालली ते सांगतात. माझी मुलगी पहिल्यांदा चिखलात उतरली तेव्हा मी बाजूला उभी राहून पाहत होते. ती किंचाळली नाही. तिनं चिखलातून एक खेकडा उचलला आणि आजीला विचारलं, "हा खायचा का?" आजी म्हणाली, "लाहान हाय. मोठा होऊ दे." मुलीनं तो परत सोडला.

मागच्या मृगात मी गावी गेले तेव्हा बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर ठेवल्या होत्या. कोणत्या बांधीत कोणता धान टाकायचा हे दर वर्षी सासूबाई ठरवतात. त्यात कुणाचं काही चालत नाही, नवऱ्याचंही नाही. त्या वर्षी त्या पिशव्यांजवळ बराच वेळ बसल्या आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "यंदा तू सांग."

मी उठून बाहेर गेले. बोडीत किती पाणी उरलंय ते पाहिलं, खालच्या बांधीची माती मुठीत घेऊन पाहिली, पश्चिमेला पाहिलं. परत येऊन म्हटलं, "खालच्या दोन्हीत चिन्नोर. वर हलका. बोडीजवळची तिसरी थोडं थांबून."

"हं," सासूबाई म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. माझ्या चहात त्यांनी त्या दिवशी साखर जरा जास्तच टाकली होती. मी ओसरीवर बसून तो सावकाश प्यायले, आणि समोर बांधीवर ढग जमत होते.